पोहता येते का? होय

२८ डिसेंबर

कालपासून लोक माझं कौतुक करताहेत, म्हणून ही वही उघडली. कौतुक खोटं आहे, आणि खरं काय ते कुठेतरी लिहून ठेवलं नाही तर काही दिवसांनी मलाच ते कौतुक पटायला लागेल.

काल दुपारी दोनच्या फेरीला बोट धक्क्याला लागत होती. मी नेहमीसारखा उतरायच्या फळीपाशी, तिकिटं बघायला. एक म्हातारे गृहस्थ घाईत होते. फळी नीट टेकायच्या आत त्यांनी पाय टाकला आणि बोट आणि धक्का यांच्यामधल्या फटीतून ते सरळ खाली गेले. टोपी तेवढी वर राहिली. मी बुडणाऱ्याला टाकायचं नारिंगी कडं उचललं. उचललं, आणि धरून उभा राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. रोजच्या प्रवाशांपैकी एक नर्सबाई आहेत, त्यांनी बूट काढून उडी मारली, गृहस्थांची हनुवटी वर धरली आणि ओरडल्या, "अहो, कडं टाका." तेव्हा कुठे ते माझ्या हातून सुटलं.

गृहस्थ सुखरूप आहेत. पण मधला भाग कुणी पाहिलेला दिसत नाही. सगळे म्हणतात, काय प्रसंगावधान. फक्त आमचे कप्तान काही बोलले नाहीत. (कागदोपत्री ते चालक आहेत, पण त्यांना सगळे कप्तानच म्हणतात.) बोट बांधताना एवढंच म्हणाले, "हात थरथरत होते तुमचे." मी म्हटलं, "थंडी वाजत होती."

आता खरं. मी सव्वीस वर्षं या खाडीवर रोज बारा वेळा इकडून तिकडे जातो आणि मला पोहता येत नाही. नोकरीच्या अर्जावर प्रश्न होता, "पोहता येते का? होय / नाही". मी "नाही"वर काट मारली. ही तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती आणि नोकरी हातची घालवायची नव्हती. वाटलं, रुजू व्हायच्या आत आठवडाभरात शिकून टाकू.

हे कुणालाही माहीत नाही. हिलासुद्धा नाही.

१ जानेवारी

दरवर्षी या दिवशी मी काहीबाही ठरवतो. चहातली साखर, सकाळचं फिरणं, जिन्याचा कठडा रंगवणं. कठडा आहे तसा आहे. या वर्षी एकच ठरवलं आहे आणि ते शिकायचं आहे, सोडायचं नाही.

शहराच्या दुसऱ्या टोकाला पालिकेचा जलतरण तलाव आहे. तिकडे ओळखीचं कुणी भेटण्याची शक्यता कमी. प्रौढ नवशिक्यांचा वर्ग मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी. हिला सांगितलं की कंपनीने संगणकाचा वर्ग काढला आहे.

"या वयात?" ही म्हणाली. मग जरा थांबून, "बरं. पिशवीत मोठा टॉवेल घाला."

संगणकाला टॉवेल कशाला, हे मी विचारलं नाही. आपण खोटं बोलत असलो की प्रश्न कमी विचारावेत.

६ जानेवारी

शिकवणारी मुलगी सव्वीस वर्षांची आहे. म्हणजे मी अर्जावर काट मारली त्या वर्षी ती जन्मली. मी तिला मॅडम म्हणतो, ती मला काका म्हणते.

पाण्यात उतरायच्या आधी तिने आम्हा पाच जणांना कार्डं दिली. वर्षभरात काय शिकायचं ते लिहा म्हणाली. माझ्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका होत्या, आयुष्यभर गणित शिकवलेल्या. त्यांनी लगेच लिहिलं, "३० जूनपर्यंत पंचवीस मीटर, न थांबता." मी बराच विचार करून लिहिलं, "न बुडणे."

मॅडमनी कार्ड परत दिलं. "काका, ही इच्छा झाली. उद्दिष्ट लिहा. आणि ते जमलं की नाही, हे मला काठावरून दिसलं पाहिजे."

मग लिहिलं. जानेवारी : तोंड पाण्यात घालणे. फेब्रुवारी : तरंगणे. मार्च : फळी धरून पाय मारणे. जून : पंचवीस मीटर. हे शेवटचं गणितबाईंचं बघून लिहिलं. शाळेतली सवय.

आज तोंड पाण्यात घातलं नाही. हनुवटीपर्यंत गेलो.

२० जानेवारी

तोंड घातलं. डोळे मिटून, नाक धरून, दुसऱ्या हाताची बोटं वर करत चार मोजेपर्यंत. वर आलो तेव्हा गणितबाई म्हणाल्या, "तुम्ही एक, दोन, चार मोजलंत."

२ फेब्रुवारी

पोहण्याची चड्डी ही एक अजब वस्तू आहे. मंगळवारी मी ती ओलीच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून कपाटात हत्यारांच्या डब्यामागे ठेवतो. शुक्रवारी काढावी तर कोरडी खडखडीत, वर छान घडी घातलेली. दुकानदार काही बोलला नव्हता, पण कापड भारी असणार. घडी मी कधी घातली ते आठवत नाही. वय झालं.

क्लोरीनच्या वासाची मला धास्ती होती. पण ही दिवसभर लाँड्रीत, साबणात आणि वाफेत. तिचं नाक आता काही टिपत नसणार.

कामावरही दैव साथ देतंय. मंगळवार-शुक्रवार माझी पाळी न मागता दुपारची लागली. कप्तान म्हणाले, "कागद तसाच आलाय." पाळ्यांचा कागद तेच करतात, पण वरून काहीतरी सूचना आली असेल.

२४ फेब्रुवारी

आज मी तरंगलो.

मॅडमनी पाठीखाली हात धरला होता. म्हणाल्या, "मान सोडा. पाणी धरतं, तुम्ही धरायचं नाही." गणितबाई बाजूने सांगत होत्या, "अहो, माणसात बहुतेक पाणीच असतं. पाण्यात पाणी कसं बुडेल?" मी छताकडे बघत पडून राहिलो. कान पाण्याखाली गेले की जगाचा आवाज बंद होतो आणि स्वतःचा श्वास ऐकू येतो, शेजारच्या खोलीत कुणी झोपल्यासारखा. छतावरचे दिवे मोठ्याने मोजले, अठरा आहेत. त्यातले दोन गेलेले.

"आता हात काढा, बघू जमतंय का," मी म्हटलं.

मॅडम काठावरून बोलल्या. तिथे कधी जाऊन बसल्या होत्या कोण जाणे. "तुम्ही नवव्या दिव्यावर असतानाच काढला."

दुपारच्या पाळीला पोचेपर्यंत मी हसत होतो. तिकीट नसलेल्या दोघांना आज नुसतं "पुन्हा नको" म्हणून सोडलं.

१७ एप्रिल

कंपनीची नोटीस लागली. डिसेंबरच्या प्रकारानंतर हे होणारच होतं. सप्टेंबरात बोटीवरच्या सगळ्यांची पोहण्याची परीक्षा : गणवेशात पन्नास मीटर, मग पाच मिनिटं खोल पाण्यात कशालाही न धरता. नापास होणाऱ्याला काठावरच्या कचेरीत बसवणार.

नोटिशीपुढे सगळे जमले होते. इंजिनवाला म्हणाला, "आपण जुनी माणसं, आपल्याला काय धाड भरलीय." मी मान हलवली. कप्तान माझ्याकडे बघत होते, की माझ्या मागच्या घड्याळाकडे, ते कळलं नाही.

कचेरीत खिडकी नाही. एक पंखा आहे आणि फायली आहेत.

संध्याकाळी लेकीचा फोन. तिने विचारलं, "बाबा, पाण्याचं कसं चाललंय?" मी म्हटलं, "सकाळी दोन तास येतं, दाब बरा आहे." ती कितीतरी वेळ हसत राहिली. सासरी आनंदात आहे म्हणायची.

१२ जून

गणितबाईंनी आज पंचवीस मीटर केले. अठरा दिवस आधी. काठाला हात लावून त्यांनी पहिलं वाक्य काय म्हटलं असेल, तर "उरलेल्या वर्षाचं काय करू?"

मी बारा मीटरवर अडकलो आहे. बरोबर बारा. तिथे तळ खाली उतरतो, फरश्यांचा रंग गडद होतो. तिथवर माझे हात, पाय, श्वास सगळं मॅडम सांगतात तसं. रंग बदलला की हात आपोआप बाजूच्या दांड्याला जातो. मॅडम म्हणतात, "काका, पाणी तेच आहे." मला ते माहीत आहे. हाताला माहीत नाही.

३ जुलै

आज दांडा धरायचा नाही असं ठरवून गेलो. बारा मीटर ओलांडले. तेरा, चौदा. मग खाली बघितलं. तोंड उघडलं, पाणी आत गेलं, वर कुठे आणि खाली कुठे तेच कळेना. मॅडमनी लांब काठी पुढे केली आणि मला माशासारखं काठाला ओढलं. पलीकडे शाळेतली मुलं रांगेत उभी होती. ती गप्प झाली. हसली असती तर बरं वाटलं असतं.

उलटी झाली. पुरे आता. माझं वय बावन्न आहे आणि कचेरीत पंखा आहे.

२८ जुलै

तीन आठवडे तलावावर गेलो नाही. हिला संशय येऊ नये म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी पिशवी घेऊन निघतो आणि बागेतल्या बाकावर बसतो. समोर एक गृहस्थ कुत्र्याला बसायला शिकवतात. कुत्रा माझ्यापेक्षा पुढे आहे.

आज सकाळी ही माझ्या सदऱ्याला इस्त्री करत होती. वर न बघता बोलायला लागली. "आमच्याकडे एक नवी बाई आलीय. वाफेच्या दाबयंत्राला घाबरायची. हात आत घालताना डोळेच मिटायची. मग भाजणार नाही तर काय. मी तिला म्हटलं, उद्या सकाळी लवकर ये, यंत्र बंद असतं तेव्हा. आतून बाहेरून हात लावून बघ. कुठे काय आहे ते एकदा हाताला कळू दे."

"मग?"

"मग काय, आता मला शिकवते." सदरा हँगरला लावून माझ्या हातात दिला. "तुमच्या संगणकाचंही तसंच असेल. सप्टेंबरात परीक्षा ना?"

मी हो म्हटलं. जिना उतरताना मागून म्हणाली, "आणि बाकावर बसताना खाली कागद घेत जा. पँटला मागून रंगाचे पट्टे पडताहेत."

हिची नजर बारीक आहे. परीक्षेचं मी तिला कधी सांगितलं होतं, ते मात्र आठवत नाही.

कंपनीकडे जाण्याआधी तलावावर गेलो. मॅडमना म्हटलं, "मला पोहायचं नाही. खोल बाजूचा तळ बघायचा आहे."

३१ जुलै

मॅडमनी एका शब्दाने विचारलं नाही की तीन आठवडे कुठे होतात. खोल बाजूला लोखंडी शिडी आहे, तिथे मला नेलं. मॅडम शिडीच्या एका अंगाला, मी दुसऱ्या.

पहिल्यांदा एक पायरी, डोकं पाण्याखाली, वर. मग दोन. पाचव्या पायरीला कान दुखतात, तिथे नाक दाबून हवा ढकलायची. सातव्या खेपेला शिडी संपली. मी पाय खाली सोडला आणि पायाला फरशी लागली. गार, थोडी खरखरीत. गुडघे वाकवून हाताचा पंजा टेकवला. उघड्या डोळ्यांनी बघितलं. फरशीवर एक रबरी टोपी पडली होती आणि कुणाची तरी केसांची पिन.

इतकी वर्षं मला वाटायचं की खाली काही नसतंच.

पायाने जोर दिला आणि आपोआप वर आलो. मग पुन्हा गेलो. आज अकरा वेळा गेलो. शेवटच्या खेपेला ती पिन घेऊन आलो आणि मॅडमच्या हातात दिली.

४ ऑगस्ट

बारा. पंधरा. वीस. काठ.

गणितबाई टाळ्या वाजवत होत्या आणि ओरडत होत्या, "वळा, वळा, आता परत." मी वळलो नाही. काठ दोन्ही हातांनी धरून रडलो. पोहण्याच्या चष्म्याचा हा फायदा आधी लक्षात आला नव्हता.

१८ ऑगस्ट

पन्नास. मग दोन मिनिटं थांबून आणखी पन्नास.

९ सप्टेंबर

परीक्षा आठवड्यावर आली आणि मला नवीनच कुरतड लागली आहे. पास झालो तर अर्जावरचं खोटं आपोआप खरं होईल. कुणाला कधी कळणार नाही. पण नर्सबाई रोज सकाळी बोटीवर चढताना मला मानाने "नमस्कार" म्हणतात, आणि तो मला घेववत नाही.

दुपारी दोन फेऱ्यांच्या मध्ये कप्तानांना गाठलं. सगळं सांगितलं. अर्ज, काट, कडं, तलाव. ते दोरखंड गुंडाळत होते, तो गुंडाळून झाल्यावरच बोलले.

"सव्वीस वर्षं तुम्ही या बोटीवर कठड्याला हात लावूनच चालता. पोहणारा माणूस असा चालत नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलायची वाट बघत होतो. मला वाट बघायची सवय आहे. धंदाच तो." मग म्हणाले, "माझीही चूक झाली. तो म्हातारा दगावला असता तर दोघांच्या माथी होता."

मी म्हटलं, आजच कचेरीत जाऊन लिहून देतो.

"द्या. पण परीक्षेच्या दिवशी द्या. नुसतं 'नाही' नेऊन देऊ नका. सोबत 'होय' घेऊन जा."

१६ सप्टेंबर

गणवेश पाण्यात किती जड होतो याचा अंदाज नव्हता. सदरा फुगून गळ्याशी येतो, पँट पाय धरून ठेवते. आम्ही अकरा जण. माझा नंबर आठवा. कंपनीने परीक्षेसाठी नेमका माझाच तलाव घेतला होता. मॅडम दुसऱ्या बाजूला काठावर उभ्या होत्या आणि मला ओळखत नसल्यासारखं दाखवत होत्या. त्यांना ते अजिबात जमत नव्हतं.

उडी मारली. गडद फरश्या आल्या आणि मी मुद्दाम खाली बघितलं. तळ जागेवर होता. पंचवीसला वळलो. परत येताना डावा बूट सुटला, तो सोडून दिला. पन्नास.

मग पाच मिनिटं खोल पाण्यात. पहिली दोन कठीण गेली. नंतर मान मागे टाकली आणि सरळ उताणा पडलो. परीक्षक वाकून म्हणाले, "काका, ठीक आहात ना?" मी म्हटलं, "अठरापैकी आता फक्त एक दिवा गेलेला आहे. बदलून घेतलेला दिसतोय." त्यांनी काय लिहिलं ते माहीत नाही, पण पाच मिनिटांनी म्हणाले, "या बाहेर. उत्तीर्ण."

ओल्या कपड्यांनीच, एका बुटावर, काठाशी टेबल टाकून बसलेल्या कचेरीच्या साहेबांपुढे गेलो आणि पिशवीतली चिठ्ठी ठेवली. "सव्वीस वर्षांपूर्वी अर्जात मी खोटं लिहिलं होतं. तेव्हा मला पोहता येत नव्हतं. डिसेंबरात माणूस पडला तेव्हाही येत नव्हतं, म्हणून मी उभा राहिलो. आज येतं."

साहेबांनी ती दोनदा वाचली. त्यांच्या टेबलाखाली माझ्या पायाचं तळं होत होतं. "हे न सांगता चाललं असतं," ते म्हणाले.

"हो साहेब. पण मग मी कधी शिकलो ते मला कुणाला सांगता आलं नसतं."

लेखी ताकीद मिळाली. बोट राहिली. ताकीदपत्र कोरडं राहावं म्हणून ते कपडे बदलून आलेल्या इंजिनवाल्याच्या खिशात ठेवलं.

१७ सप्टेंबर

आज सकाळी नर्सबाई चढल्या तेव्हा त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी पाण्यातून वर बघितलं होतं ना. तुमचा चेहरा दिसला होता मला." आणि तरी नमस्कार करत होत्या. म्हणाल्या, "दुसऱ्या दिवशी तुम्ही कामावर आलात. त्याचा नमस्कार होता."

जेवताना हिला सांगितलं. संगणकाचा वर्ग वगैरे काही नव्हता, इथपासून सुरुवात केली. ती भाजी वाढत होती. हात थांबला नाही.

"चड्डीची नाडी मार्चमध्ये बदलली मी. लक्षात आलं का?"

डोक्यात एकेक गोष्ट जुळत होती. टॉवेल. घडी. लेकीचं हसणं. कप्तानांचा पाळ्यांचा कागद.

"मला पोहता येत नाही हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"लग्नाच्या वर्षी समुद्रावर गेलो होतो. तुम्ही घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहून माझ्या चपला सांभाळत होतात. सगळा वेळ."

"मग एवढे महिने बोलली का नाहीस?"

तिने माझ्या ताटाकडे बघितलं, आणखी एक पोळी वाढली. "तुम्ही इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यापासून काहीतरी लपवत होतात, आणि ते चांगलं होतं. म्हटलं, मोडायला नको."

२५ ऑक्टोबर

आज रविवार. इंजिनाच्या कामासाठी बोट बंद.

खाडी आमच्या धक्क्यापासून समोरच्या धक्क्यापर्यंत चारशे दहा मीटर आहे. मी महिनाभर तलावात वीस-वीस फेऱ्या मारतो आहे. कल्पना माझीच. मॅडम म्हणाल्या, भरती संपून पाणी थांबतं तेवढ्यातच जायचं, आणि मी सोबत पोहणार. कप्तानांनी बोटीची छोटी होडी काढली. होडीत ते वल्ह्यावर, मागे ही मांडीवर टॉवेल घेऊन. गणितबाई पुढे, घड्याळ घेऊन.

खाडीत फरश्या नाहीत. खाली हिरवं, मग काळं. पहिले शंभर मीटर मी फक्त हात मोजत गेलो. मॅडम शेजारून एकसारख्या बोलत होत्या, मग त्यांच्या लक्षात आलं की मी ऐकत नाहीये, आणि त्या गप्प झाल्या. मध्यावर मी थांबलो. थकलो म्हणून नव्हे. दोन्ही काठ सारख्याच अंतरावर होते. या जागेवरून मी लाखभर वेळा गेलो असेन, तिकिटांकडे बघत. ही जागा पहिल्यांदा बघितली. पाणी खारट होतं आणि माझ्या कानाशी अगदी हळू आवाज करत होतं.

"काय झालं?" ही होडीतून म्हणाली.

"काही नाही. बघतोय."

"बघा सावकाश," ती म्हणाली. "आम्हाला घाई नाही." गणितबाईंना घाई होती, पण त्या घड्याळाकडे बघत गप्प राहिल्या.

शेवटचं अंतर कसं गेलं ते सांगता येणार नाही. हाताला दगड लागला, शेवाळलेला. पायरीवर गुडघा टेकवला, मग दुसरा, आणि उभा राहिलो. पाय थरथरत होते. या वेळी कुणी विचारलं असतं तर थंडी वाजते म्हटलं नसतं. हिने होडीतून उतरून टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला आणि तो सोडलाच नाही, दोन्ही टोकं धरून उभी राहिली. तिचा चेहरा ओला होता. ती पाण्यात उतरलीही नव्हती.

कप्तानांनी होडी बांधली. मग कोटाच्या आतून बोटीची नोंदवही काढली. बोट बंद असताना ती का आणली होती, देव जाणे. गणितबाईंना वेळ विचारली आणि उभ्याउभ्या लिहिलं. मला वाचायला दिलं.

"११.२०. एक इसम. या काठावरून त्या काठावर. तिकिटाविना."

"सही करा," ते म्हणाले. "तिकीट तपासनीस म्हणून."

ओल्या हाताने सही केली. शाई थोडी पसरली, पण नाव वाचता येतं.